दोन राण्यांचं पुस्तक

माझी भाची पुण्याला ॲनिमेशन शिकते. सुट्टी संपवून परत निघाली की माझ्या दुकानात काही ना काही विसरून जाते. कधी चार्जर, कधी स्कार्फ, कधी अर्धी राहिलेली चिवड्याची पिशवी. मागच्या दिवाळीनंतर मात्र तिनं मुद्दाम एक जाड पुस्तक काउंटरवर ठेवलं.

"आत्या, हे वाच आणि कसं वाटलं ते मला सांग. खरं सांग हं. उगाच छान आहे, छान आहे करू नकोस."

मी एका बाईंना अस्तर मोजून देत होते. मान वर न करताच विचारलं, "कशाचं आहे?"

"दोन राण्यांची गोष्ट आहे. सगळी चित्रांत. ग्राफिक नॉव्हेल म्हणतात."

"आणि राजा?"

"राजा नाहीच आहे. त्या दोघीच एकमेकींच्या प्रेमात पडतात."

हे बोलताना तिनं माझ्याकडे जरा तिरकं पाहिलं. आत्या दचकते का, हे तिला बघायचं होतं. मी कापड कापलं, घडी घातली, पिशवीत घातलं आणि म्हटलं, "ठेव तिथं रिळांच्या खोक्याशेजारी."

नाशिकरोडला आमच्या घराच्या खालच्या गाळ्यात माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस, हुक, दोरे. वर भाऊ, वहिनी आणि मी. लग्न मी केलं नाही. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक जवळजवळ नसतं. इतर दुकानदार त्या वेळात शटर ओढून झोपतात, मी वाचते. वाचनालयातून आणलेल्या कादंबऱ्या, दिवाळी अंक, जे मिळेल ते. इंग्रजी मात्र मी बेतानंच वाचते. म्हणून दोन-तीन दिवस त्या पुस्तकाला हात लावला नाही. चौथ्या दिवशी वाचनालय बंद होतं, तेव्हा उघडलं.

गोष्ट अशी होती. एक डोंगराकडचं राज्य, एक पठारावरचं. मधून नदी. नदीच्या तळाशी एक प्रचंड कासव झोपलेलं असतं आणि त्याच्या श्वासावर नदी वाहते. एके वर्षी कासव श्वास घ्यायचं थांबतं आणि पाणी आटतं. दोन्ही राज्यं एकमेकांवर संशय घेतात. दोन्ही गाद्यांवर तरुण राण्या नुकत्याच बसलेल्या, दोघींचे बाप मागच्या लढाईत गेलेले. शेवटी ठरतं की कोरड्या पात्रात, बरोबर मधोमध, दोघींनी भेटून पाण्याचा तंटा मिटवायचा. डोंगराची राणी हट्टी, चटकन तलवारीला हात घालणारी. पठाराची राणी शांत, पण एकदा नाही म्हणाली की नाहीच. पहिल्या भेटीत त्या भांडतात. दुसऱ्या भेटीतही भांडतात. मग हळूहळू भांडणासाठी लवकर यायला लागतात आणि उशिरा जायला लागतात.

अडलेले शब्द मी फोनवर बघत होते. पण थोड्या पानांनंतर शब्दांची फारशी गरज राहिली नाही. मला आधी दिसले ते रंग. हा माझा रोजचा धंदा आहे. बाई साडी घेऊन येते, मी ती उजेडात धरते आणि सांगते की हा डाळिंबी नाही, हा लालकडे झुकलेला मरून आहे, याच्यावर तो पीस चालणार नाही. या पुस्तकात डोंगराची राणी डाळिंबी झग्यात होती आणि पठाराची मोरपंखी. पहिल्या भेटीत त्या एकमेकींसमोर अगदी विजोड दिसत होत्या, डोळ्यांना टोचतील अशा. मग कुठल्याशा पानावर डाळिंबी झग्याच्या बाहीला एक बारीक मोरपंखी काठ आला. कुणी त्याबद्दल काही बोललं नाही. पुढे मोरपंखी शालीला डाळिंबी गोंडे आले. आपलं लक्ष नव्हतं की काय म्हणून मी मागची पानं उलटून पाहिली. हे आधीपासूनच होतं का? नव्हतं. चित्र काढणारीनं ते हळूच आणलं होतं.

आणि एक पान असं होतं ज्यात एकही शब्द नव्हता. कोरड्या नदीत दोघी वाळूवर बसल्यात. पानभर चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत फक्त त्यांचे वाळूवर टेकलेले हात. पहिल्या चौकटीत हात लांब लांब. प्रत्येक चौकटीत थोडे जवळ. शेवटच्या चौकटीत करंगळीला करंगळी.

त्या पानावर मी उठले आणि शटर अर्धं खाली ओढलं. गिऱ्हाईक आलं असतं तर मला बोलता आलं नसतं.

वीजनिर्मिती केंद्रात माझे वडील स्टोअर्सला होते. माझं सगळं लहानपण एकलहऱ्याच्या कॉलनीत गेलं. तिथं शिफ्टचा भोंगा झाला की घराघरांत कुकर चढायचे. वाऱ्यानं दिशा बदलली की आया धावत गच्चीवर जायच्या, कारण दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीची राख बसायची. ती राख बोटानं पुसायला जावं तर कपड्यात आणखी आत जायची, झटकावी लागायची. हे आम्हाला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

मी पाचवीत असताना आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये एक कुटुंब बदली होऊन आलं. त्यांची मुलगी माझ्याच वयाची. पहिल्याच दिवशी ती गच्चीवर आली, खिशातून कोळशाचा तुकडा काढला आणि गच्चीच्या फरशीवर एक घोडा काढला. घोडा म्हणजे खरंच घोडा. मान वळवलेला, एक पाय उचललेला. मी आजवर चित्रकलेच्या तासाला डोंगर, सूर्य आणि झोपडी यापलीकडे कुणी गेलेलं पाहिलं नव्हतं.

"याच्यावर कोण बसणार?" मी विचारलं.

"तू सांग," ती म्हणाली.

मी सांगितलं, राणी. तिनं राणी काढली. मग मी म्हटलं, राणी नदीपाशी येते. तिनं घोड्याभोवती चौकट आखली, शेजारी दुसरी चौकट आखली आणि त्यात नदी काढली. असं ते सुरू झालं. मी गोष्ट सांगायची आणि तिनं काढायची. कोळसा, विटेचे तुकडे, शाळेतून आणलेले खडू. गच्चीभर चौकटी. बायका वाळवण टाकायला आल्या की ओरडायच्या, पण त्याही चौकटींच्या रेघा ओलांडून पाय ठेवायच्या.

गच्चीवरून पाण्याचा एक जाड पाइप आडवा गेला होता. ती आमची नदी. पाइपच्या अलीकडे माझं राज्य, पलीकडे तिचं. दोन राण्या. इमारतीतल्या बाकीच्या मुली खेळायला आल्या की विचारायच्या, "राजा कोण?" आम्ही दोघी एका सुरात सांगायचो, "राजा मोहिमेवर गेलाय." तो कधी परत आला नाही आणि त्याची कुणाला आठवणही झाली नाही. आम्हाला कारभार खूप होता. तह करायचे, फितूर पकडायचे, एकमेकींना मेजवान्या द्यायच्या. मेजवानीला तिच्या आईनं केलेल्या नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापड्या असायच्या, अर्ध्या वाळलेल्या, वाळवणातूनच उचललेल्या. त्या दाताला चिकटायच्या आणि राज्यकारभाराचं बोलणं थांबायचं.

खेळ वयाबरोबर संपला, पण आम्ही संपलो नाही. कॉलेजला नाशिकरोडला एकाच बसनं जायचो. ती खिडकीशी, मी तिच्या बाजूला. तिला चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं, घरच्यांनी कॉमर्सला घातलं. अकाउंट्सच्या तासाला ती बाकावर माझ्या हाताचं चित्र काढायची. हात हलवला की चिमटा काढायची. मी तासन् तास हात न हलवता बसायला शिकले.

शेवटच्या वर्षाला तिचं लग्न ठरलं. घोटीचं स्थळ, घरची राईस मिल, माणसं चांगली. कुणी जबरदस्ती केली नाही, ती रडलीही नाही. हळदीच्या दिवशी तिच्या पदराला पिन मीच लावली. ती म्हणाली, "घोटी काही लांब नाही. येत जा हं." मी हो म्हटलं. वरात गेली. दुसऱ्या दिवसापासून मला ताप आला.

ताप बरेच दिवस उतरला नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आधी मलेरिया म्हटलं, मग काहीच म्हटलं नाही. एका सकाळी आई माझ्या डोक्यावर ओली पट्टी ठेवत होती. माझी आई नामपूरकडची. लग्नानंतर ती कॉलनीतल्या बायकांसारखं शहरी मराठी बोलायला शिकली होती, पण जिवाला लागलं की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी यायची. पट्टी फिरवता फिरवता ती म्हणाली, "असंच शे, पोरी."

मी डोळे उघडले नाहीत.

"मैत्रीण लग्न होऊन गेली की असंच होतं. मलाही झालं होतं. तेव्हा मी सोळा वर्षांची होते."

एवढंच. कोण, कुठली, पुढे काय झालं, यातलं ती काही बोलली नाही आणि मी विचारलं नाही. आज वाटतं, विचारायला हवं होतं. पण त्या वेळी तिच्या त्या वाक्यानं मला झोप लागली आणि दोन दिवसांनी ताप उतरला.

माझ्याकडे तेव्हा त्या गोष्टीला शब्द नव्हता. असता तरी मी तो कुणापुढे काढला नसता. स्थळं आली, मी नाही म्हणत गेले. पुढे वडील निवृत्त झाले, आम्ही कॉलनी सोडली, नाशिकरोडला घर झालं आणि खालच्या गाळ्यात मी दुकान काढलं. मैत्रिणीकडे बारशाला गेले, तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा गेले, मुलाच्या लग्नाला गेले. तिचे यजमान वारले तेव्हाही गेले होते. दर वेळी घर माणसांनी भरलेलं. आम्ही एकमेकींना बघायचो, ती विचारायची, "बरी आहेस ना?" मी म्हणायचे, "बरी आहे. तू?" आणि कुणीतरी तिला हाक मारायचं.

तर हे पुस्तक. अर्ध्यावर असताना आमच्या इथल्या शाळेतल्या एक शिक्षिका फॉल घ्यायला आल्या. माझं नेहमीचं गिऱ्हाईक. पुस्तक काउंटरवर उघडं होतं आणि नेमक्या त्या पानावर दोघी राण्या एकमेकींचं चुंबन घेत होत्या.

"अगंबाई, हे काय वाचताय?"

"दोन राण्यांची गोष्ट आहे. भाचीनं दिलंय."

"दोघी बायकाच?"

"हो."

त्यांनी पुस्तक स्वतःकडे वळवलं. मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. मला वाटलं आता भाषण ऐकावं लागणार. त्या म्हणाल्या, "चित्रं मात्र सुरेख आहेत हो." फॉल घेऊन गेल्या. पुढच्या आठवड्यात हुकांचं एक पाकीट घ्यायला आल्या, जे त्यांच्या घरी नक्कीच होतं, आणि विचारलं, "झालं का वाचून? शेवटी काय होतं?"

शेवटी असं होतं, की दोघी मिळून कासवाला जागं करतात, नदी वाहते, आणि मग दोघी आपापला मुकुट पाण्यात सोडून कासवाच्या पाठीवर बसून समुद्राकडे निघून जातात. राज्यं मागे राहतात. लोक काठावर उभे राहून हात हलवतात.

रविवारी भाचीचा फोन आला. "सांग आता."

मी सांगितलं. रंगांचं सांगितलं, बाहीच्या काठाचं सांगितलं. ती ओरडलीच, "थांब, कुठल्या पानावर? मी पाहिलंच नाही!" फोन कानाला लावूनच ती कुणा मैत्रिणीची प्रत शोधायला गेली. मग मी तक्रारी सांगितल्या. एक तर राण्यांना एकमेकींविरुद्ध भडकवणाऱ्या त्या प्रधानाचं नाक पहिल्या पानापासून वाकडं काढलंय, म्हणजे तोच कपटी हे शेंबड्या पोरालाही कळतं. दुसरं, एवढ्या मोठ्या पुस्तकात दोघी एकदाही जेवत नाहीत. भेटीला येताना कुणी काही बांधून आणत नाही. प्रेमात पडलेली माणसं आधी एकमेकांना खायला घालतात, हे लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नाही का? आणि तिसरं म्हणजे शेवट.

"शेवटात काय वाईट आहे? सुटल्या ना त्या."

"कशातून सुटल्या? राज्य त्यांचं होतं. नदी त्यांनी आणली. मग त्यांनीच का जायचं? तिथंच राहायचं, पाण्याच्या काठी घर बांधायचं आणि कारभार बघायचा. ज्यांना बघवत नाही त्यांनी जावं समुद्राकडे."

भाचीनं शेवटचं वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलं. मग म्हणाली, "आत्या, हे मी माझ्या पेजवर टाकू? जसं बोललीस तसंच?"

"टाक. नाव घालू नकोस. एक वाचक, नाशिकरोड, असं लिही."

"आणि तू एवढी चिडलीस का शेवटावर?"

तिला मी गच्चीची गोष्ट सांगितली. कोळशाचा घोडा, पाइप, मोहिमेवर गेलेला राजा. ताप सांगितला नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांना दाखव ना पुस्तक. चित्रं काढायच्या त्या."

एवढं सोपं मला सुचलं नव्हतं.

मार्गशीर्षात एका दिवशी दुकान वहिनीच्या हवाली केलं आणि एसटीनं घोटीला गेले. भातकापणी होऊन गेली होती, शेतांत नुसती खुंटं उभी होती. त्यांच्या मिलच्या रस्त्याला लागलं की नाकात आधी कोंड्याचा वास जातो, मग मशीनचा आवाज येतो. फोन करून कळवलं होतं, म्हणून ती दारातच उभी होती. केस पूर्ण पांढरे. बोलण्यात घोटी पुरती उतरलेली.

"लय दिवसांनी आलीस. ये. कुणी मेलंबिलं नाय ना?"

"नाही. असंच आले."

"असंच?" ती हसली. "असंच यायचं असतं हे तुला आत्ता कळलं होय?"

सूनबाईनं चहा आणला, "मावशी, जेवूनच जायचं" म्हणाली आणि आत गेली. आम्ही वरच्या गॅलरीत बसलो. खाली अंगणात पोती रचलेली होती. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

तिनं चष्मा लावला. कव्हरवरून हात फिरवला. मग पहिलं पान उघडलं आणि म्हणाली, "इंग्रजी हाय. सांग तू."

मी सांगायला लागले. ती बघत होती, मी सांगत होते. चौकटीवर तिचं बोट फिरायचं, बोट थांबलं की मी थांबायचे. घोड्यांवर ती फार वेळ थांबली. "याचा मागचा पाय चुकलाय बघ. असा वळत नाय." राण्यांचे झगे तिला आवडले. कासव आवडलं नाही, म्हणाली, कासवाच्या तोंडी एवढं शहाणपण कशाला, झोपेतसुद्धा आजोबासारखं बोलतंय. हातांच्या पानावर आलो तेव्हा मी काही सांगितलं नाही, सांगण्यासारखं त्यात नव्हतंच. तिनं ते पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं, परत जवळ नेलं.

"हे काढणारी बाई हाय?"

"हो."

"असणारच," ती म्हणाली.

मग ते चुंबनाचं पान आलं. ती पुढे गेली नाही. खाली मशीन बंद झालं होतं, दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती. गॅलरीत एकदम शांत वाटलं.

"आपण काय काय केलं गं त्या गच्चीवर," ती म्हणाली. "लढाया केल्या. तह केले. एकदा तर तुला मी विष देऊन मारलं होतं. हे कसं सुचलं नाय आपल्याला?"

मी म्हटलं, "मला सुचलं होतं."

 हातातल्या कपात चहा थंड झाला होता, तरी मी त्याचा घोट घेतला. ती पानावरून नजर काढत नव्हती. तिचं बोट बाहीच्या त्या मोरपंखी काठावर होतं. 

"मग सांगायचं नाय का?" ती म्हणाली.

चहात साखर कमी आहे हे आधी सांगायचं नाही का, तसं म्हणाली. रागानं नाही, दुःखानंही नाही. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, परत लावला.

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?" मी विचारलं.

"ते काय म्हाईत आता. काढलं असतं. चौकट तरी काढली असती." मग म्हणाली, "मी लग्न केलं त्याचं मला वाईट वाटत नाय. तो माणूस चांगला होता. पण पहिलं वर्षभर मी रोज कोळशानं मागच्या भिंतीवर तुझा हात काढायचे. सासूबाई रोज पुसायच्या, भिंत काळी होते म्हणून. त्यांना वाटायचं मी आशीर्वादाचा हात काढते, देवाचा. त्यांनी कधी विचारलं नाय, मी कधी सांगितलं नाय."

सूनबाईनं खालून हाक मारली, पानं वाढलीत म्हणून. ती उठली. उठताना तिनं आधारासाठी माझा हात धरला आणि जिना उतरेपर्यंत सोडला नाही. गुडघे दुखतात तिचे. पण जिना उतरल्यावरही सोडला नाही.

जेवायला इंद्रायणीचा भात, वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. सूनबाई आम्हाला आग्रह करत होती आणि आम्ही दोघी फार बोलत नव्हतो, म्हणून तिला वाटलं भाजी तिखट झाली. मी तिला दोनदा सांगितलं, तिखट नाही, छान झालंय. डोळ्यांत पाणी मात्र होतं, त्याला मी ठेच्याचं कारण दिलं.

निघताना मी पुस्तक तिच्याकडेच ठेवलं. भाचीला कळवलं की पुस्तक घोटीला आहे, दुसरं घे.

त्यानंतर काही दिवसांनी दुपारी दुकानात फोन वाजला. "मी शेवट पाह्यला," मैत्रीण म्हणाली. नातीला शेजारी बसवून तिनं शेवटची पानं वाचून घेतली होती. "झकास हाय शेवट. निघून गेल्या! मला लय आवडलं."

"मला नाही आवडलं," मी म्हटलं.

"का?"

मी तिला राज्याचं, नदीचं, काठावरच्या घराचं सांगितलं. ती म्हणाली, "तुला काय होतंय बोलायला. तू तुझ्या दुकानात तुझी मालकीण. इकडं घरच्या नि मिलच्या चाळीस माणसांचं बघता बघता जन्म गेला. मुकुट पाण्यात सोडायला काय मजा वाटेल हे तुला नाय कळायचं."

हे मला खरंच कळलेलं नव्हतं. मी त्या शेवटाकडे फक्त माझ्या बाजूनं पाहिलं होतं. तरी मी मत सोडलं नाही. तिनंही सोडलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी तिचा परत फोन आला, त्या प्रधानाबद्दल. मग रोजच यायला लागला. कधी पुस्तकावर, कधी गुडघ्यांवर, कधी सुनेनं नवीन मिक्सर घेतला त्यावर. माझं दुपारचं वाचन जवळजवळ बंद पडलं आहे. वाचनालयाच्या बाईंनी विचारलंसुद्धा, तब्येत बरी आहे ना?

जानेवारीच्या शेवटी ती नाशिकला डोळे तपासायला आली आणि माझ्याकडे उतरली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्या घरी राहिली. दिवसा माझ्यासोबत दुकानात बसायची. गिऱ्हाईक आलं की रंगांवरून माझ्याशी वाद घालायची, भर गिऱ्हाइकासमोर. त्या शिक्षिका आल्या तेव्हा मी दोघींची ओळख करून दिली. पुस्तकाच्या शेवटाचा विषय निघाला आणि शिक्षिकाबाई तिच्या बाजूच्या निघाल्या. म्हणाल्या, "मीसुद्धा गेले असते हो कासवावर बसून, पेपर तपासायचे टाकून." दोघी माझ्याकडे बघून हसायला लागल्या. मी एकटी पडले.

डोळ्यांचं काम झालं. परत निघायच्या दिवशी सकाळी तिची पिशवी भरून दाराशी ठेवलेली होती. मी तिला म्हटलं, "अजून दोन दिवस राहा."

तिनं दाराशी ठेवलेली पिशवी आत सरकवली. फोन काढला आणि सुनेला लावला.

"मी परवा येते," ती म्हणाली. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाय नाय, डोळे ठीक हायेत. काम काय नाय." मग जरा मोठ्यानं, फोनवर नीट ऐकू जावं म्हणून, "अगं, असंच राहतेय."